माहीत असणे आणि शाबीत होणे

मागच्या पाठात आपण टपाल, बँक आणि नगरपालिकेच्या कचेरीतले मराठी शब्द पाहिले. या पाठात कोर्टातले शब्द घेऊ. वर्गातल्या तरुण मंडळींना 'बेत मिशपात' म्हटले की लगेच समजते, 'न्यायालय' म्हटले की ती थांबतात. आजी-आजोबांच्या तोंडी मात्र 'कोर्ट' हाच शब्द असतो, आणि शहाण्याने त्याची पायरी चढू नये हेही ते लगेच सांगतात. मी पायरी चढायला सांगत नाही. बाहेर उभे राहून आत काय चालते ते समजून घेऊ.

कोर्टातली मराठी पुष्कळशी फारसी-अरबीतून आलेली आहे. फिर्याद, दावा, वकील, जबाब, मुद्देमाल हे सगळे शब्द तिकडचे. कोकणातल्या आपल्या गावांत जमातीचे तंटे सोडवणाऱ्याला 'काजी' म्हणत, तोही अरबीच. त्याचा मूळ अर्थ न्यायाधीश. 'शाबीत' हा अरबी 'साबित'वरून आला, म्हणजे ठाम, हलवता न येणारे. 'पुरावा' मात्र घरचा शब्द आहे. पुरणे, पुरवणे यांच्या नात्यातला. जे म्हणणे अपुरे आहे ते पुरे करतो तो पुरावा. आणि 'साक्षी' संस्कृत. त्यात 'अक्षि' म्हणजे डोळा आहे. ज्याने डोळ्यांनी पाहिले तो साक्षी. आता हिब्रूकडे या. पुराव्याला तुम्ही 'राआया' म्हणता, तो 'राआ' म्हणजे 'पाहिले' या धातूचा. एकमेकांशी काही संबंध नसलेल्या दोन भाषांनी पुराव्याचे नाते डोळ्याशीच जोडले.

मग प्रश्न असा की, ज्याने पाहिले त्याला माहीत झाले. पण त्याला माहीत झाले म्हणजे गोष्ट शाबीत झाली का? आपल्या पूर्वजांनी या प्रश्नाचे उत्तर दिले आहे, आणि ते ऐकून पहिल्यांदा बहुतेकांना राग येतो.

तलमूदच्या सान्हेद्रिन भागात शिमोन बेन शेताह यांची हकिगत आहे. हे मोठे न्यायाधीश, दुसऱ्या मंदिराच्या काळातले. त्यांनी एका माणसाला दुसऱ्याच्या मागे धावत एका पडक्या घरात शिरताना पाहिले. हेही मागोमाग धावले. आत पाहतात तर पहिल्याच्या हातात तलवार, तलवारीवरून रक्त ठिबकते आहे, आणि दुसरा माणूस जमिनीवर तडफडतो आहे. तिसरे कोणी नाही. शिमोन त्याला म्हणाले की, खून तू केलास किंवा मी केला, यात तिसरी शक्यता नाही. पण मी काय करू, तुझा जीव माझ्या हाती दिलेला नाही, कारण तोरा दोन साक्षीदार मागते. शिक्षा देवावर सोपवून ते थांबले. पुढे त्या माणसाला साप चावला आणि तो मेला, असे हकिगतीत आहे. साप मी बाजूला ठेवतो. प्रत्येक खटल्यात साप येत नाही.

ज्या न्यायाधीशाच्या मनात तिळाइतकी शंका नाही, तोच म्हणतो आहे की हे शाबीत झालेले नाही. घाव घालताना त्याने पाहिले नाही, आणि पाहिले असते तरी तो एकटाच होता. अनुवादाच्या १७व्या आणि १९व्या अध्यायांत हा नियम आहे: एका साक्षीदारावर कोणाला मृत्युदंड द्यायचा नाही, किमान दोन हवेत. आणि त्या दोघांनाही सुखाने बसू देत नसत. मिश्नामध्ये त्यांना विचारायचे सात प्रश्न दिले आहेत: सात वर्षांच्या कोणत्या चक्रात, कोणत्या वर्षी, कोणत्या महिन्यात, कितव्या तारखेला, कोणत्या वारी, कोणत्या तासाला, कोणत्या जागी. दोघांना वेगवेगळे विचारायचे. त्यापुढेही तपासणी चालू ठेवता येई. बेन जक्काई यांनी तर साक्षीदारांना झाडावरच्या अंजिरांच्या देठांबद्दल विचारले, असे मिश्ना सांगते. उलटतपासणी काही इंग्रजांनी शोधून काढलेली नाही.

साक्ष सुरू होण्याआधी साक्षीदारांना दम भरला जाई. अंदाजाने बोलू नका, ऐकीव सांगू नका, दुसऱ्याने पाहिलेले आपले म्हणून सांगू नका. आरोपीचा कबुलीजबाबसुद्धा चालत नसे. माणूस स्वतःला दुष्ट ठरवू शकत नाही, असा नियम होता. वाचताना हे मऊपणाचे वाटते, पण पोलीस कोठडीत काय होते ते ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्यातले शहाणपण लगेच कळते. हिंदुस्थानच्या १८७२ च्या पुरावा कायद्यातही पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नसे, आणि आजही येत नाही.

इतके कडक का? रंबाम यांनी मिट्झवांच्या ग्रंथात याचे कारण सांगितले आहे, आणि त्यांच्यापुढे खटला नेमका असाच आहे: तलवार, रक्त, आणि दोघांचे जुने वैर. त्यांचे म्हणणे असे. 'जवळजवळ निश्चित' या पायरीवर एकदा माणसाला मारायची मुभा दिली, की उद्या त्याहून थोड्या कमी निश्चित पुराव्यावर मारू, परवा त्याहून कमी. शक्यतेच्या पायऱ्यांना मधे कुठे कठडा नाही. शेवटी न्यायाधीशाच्या नुसत्या कल्पनेवर माणसे मरतील. म्हणून दार सुरुवातीलाच बंद करायचे. हजार अपराधी सुटलेले बरे, पण एक निरपराध मरता कामा नये, हे वाक्य लोक इंग्रजांच्या नावावर खपवतात. रंबाम यांनी ते बाराव्या शतकात लिहिले आहे.

पण मग खुनी सुटणार, त्याचे काय? हा प्रश्न आपण पहिल्यांदा विचारतो आहोत असे समजू नका. मक्कोत या भागात वाद नोंदवलेला आहे. सात वर्षांत एकाला मारणारे न्यायमंडळ घातकी समजावे, असे एक मत. रब्बी एलआजार बेन अझार्या यांच्या मते सत्तर वर्षांत एक. रब्बी तार्फोन आणि रब्बी अकीवा म्हणाले, आम्ही त्या मंडळात असतो तर कोणालाच कधी मृत्युदंड झाला नसता. त्यावर रब्बान शिमोन बेन गमलिएल यांनी तोंडावर सांगितले की, अशाने इस्राएलात खुनी वाढले असते. वाद तिथेच संपतो. कोण बरोबर ते लिहिलेले नाही.

आता जरा मराठी व्याकरण. ही तीन वाक्ये मोठ्याने वाचा. त्याने चोरी केली असेल. त्याने चोरी केली असावी. त्याने चोरी केली आहे. पहिल्यात नुसती शक्यता. दुसऱ्यात बोलणाऱ्याकडे काहीतरी कारण आहे, तरी तो अंदाजच. तिसऱ्यात तो जबाबदारी घेतो. हिब्रूत विचार करणाऱ्या मुलांची 'असेल' आणि 'असावी' यांत गल्लत होते, म्हणून हा सराव घरी दोनदा करा. न्यायाधीशाला फौजदारी खटल्यात फक्त तिसऱ्या वाक्यावर शिक्षा देता येते. १९७३ साली महाराष्ट्रातल्या एका खुनाच्या खटल्यात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हेच सांगितले: 'असू शकेल' आणि 'असलेच पाहिजे' यांच्यामधले अंतर फार लांबचे आहे. मजा अशी की त्याच निकालपत्रात त्यांनी दुसरीही ताकीद दिली. मनात आलेली प्रत्येक कुशंका म्हणजे वाजवी संशय नव्हे. संशयाचा फायदा वाटेल तसा ताणला तर समाजाचे नुकसान होते. म्हणजे अकीवा आणि शिमोन बेन गमलिएल एकाच माणसाच्या लेखणीत शेजारी बसले.

हिंदुस्थानचा तो पुरावा कायदा जेम्स फिट्झजेम्स स्टीफन या इंग्रज कायदेपंडिताने लिहिला. २०२४ च्या जुलैपासून त्याच्या जागी नवा अधिनियम आला, पण 'शाबीत' या शब्दाची व्याख्या तीच राहिली. गोष्ट घडली असे न्यायालयाला वाटले पाहिजे, किंवा ती इतकी संभाव्य वाटली पाहिजे की विवेकी माणूस ती खरी धरून वागेल. साक्षीदारांची संख्या ठरवलेली नाही. एक भरवशाचा साक्षीदारही पुरे, आणि डोळ्यांनी पाहणारा कोणीच नसेल तर परिस्थितीचा पुरावाही चालतो. मात्र त्यालाही कुंपण आहे. १९८४ साली पुण्याच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते घालून दिले. लग्नानंतर थोड्याच महिन्यांत एका तरुणीचा विषाने मृत्यू झाला होता आणि नवऱ्याला फाशीची शिक्षा झाली होती. न्यायालय म्हणाले की, साखळीतली प्रत्येक कडी आधी स्वतंत्रपणे शाबीत झाली पाहिजे, आणि सगळी साखळी मिळून आरोपीच्या अपराधाखेरीज दुसरा कोणताही वाजवी खुलासा शिल्लक राहता कामा नये. तिथे आत्महत्येचा खुलासा शिल्लक राहत होता. नवरा सुटला.

या कायद्याने पाहिले तर शिमोन बेन शेताह यांच्यापुढचा तलवारवाला सुटला नसता. साखळी पुरी आहे. मला विचाराल तर शिक्षा कैदेची असेल तेव्हा मला हिंदुस्थानचा नियम पसंत आहे, आणि शिक्षा गळ्याची असेल तेव्हा रंबाम यांचा. कैद्याला चूक कळल्यावर दार उघडून देता येते.

आता या देशातला खटला, जो वर्गातल्या वडीलधाऱ्यांना चांगला आठवत असेल. जॉन देम्यान्युक हा युक्रेनचा माणूस अमेरिकेत मोटारींच्या कारखान्यात नोकरी करीत होता. १९८६ साली त्याला इथे आणले गेले. आरोप असा की ट्रेब्लिंकाच्या छावणीत विषारी वायूच्या खोल्यांचे यंत्र चालवणारा, 'क्रूर इव्हान' नावाने ओळखला जाणारा रक्षक तो हाच. ट्रेब्लिंकात आठ लाखांहून अधिक यहुदी मारले गेले; वाचले ते फारच थोडे. यरुशलेमच्या मोठ्या सभागृहात खटला चालला, रेडिओ-टीव्हीवर सगळा देश ऐकत होता. वाचलेल्यांपैकी काहींनी आरोपीच्या डोळ्यांत पाहून सांगितले की हाच तो. ज्यांनी त्या खोल्यांतून प्रेते ओढली त्यांनी सांगितले. यापेक्षा मोठा साक्षी कोण? १९८८ च्या एप्रिलमध्ये त्याला फाशीची शिक्षा झाली.

अपील चालू असताना सोव्हिएत दप्तरे उघडू लागली. त्यांत ट्रेब्लिंकाच्या जुन्या रक्षकांचे जबाब सापडले. हे रक्षक सोव्हिएत न्यायालयांत दोषी ठरलेले होते आणि तोवर मेलेलेही होते. त्यांपैकी अनेकांनी वायूच्या यंत्रावरच्या इव्हानचे आडनाव वेगळे सांगितले होते: मार्चेन्को. २९ जुलै १९९३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी एकमताने देम्यान्युकची क्रूर इव्हान असल्याच्या आरोपातून सुटका केली.

मुलांनो, इथे थांबून नीट विचार करा. ते जबाब देणाऱ्यांची उलटतपासणी कोणी घेऊ शकत नव्हते. ते कोणत्या परिस्थितीत घेतले गेले हेही न्यायाधीशांना ठाऊक नव्हते. अशा कागदांवर कोणाला शिक्षा देता आली नसती. पण शिक्षा देण्यासाठी जो कस लागतो तो संशय निर्माण होण्यासाठी लागत नाही. 'सफेक सवीर', वाजवी संशय, एवढ्यानेही उभा राहतो. आणि न्यायालयाने वाचलेल्या साक्षीदारांना खोटे म्हटले नाही. चाळीसहून अधिक वर्षांनी, म्हाताऱ्या चेहऱ्यात तरुण चेहरा शोधताना, प्रामाणिक माणसाचाही डोळा चुकू शकतो, एवढेच त्या निकालातून निघते. निकालानंतर साक्षीदारांचे कुटुंबीय रडले, काही लोक रस्त्यावर आले. त्यांना दोष देण्याची माझी हिंमत नाही. पण त्यांच्या हातात न्यायाधीशांनी एक भलेमोठे निकालपत्र ठेवले, ज्यात प्रत्येक कागद तोलून का मानला किंवा का मानला नाही ते लिहिलेले होते. 'आम्हाला असे वाटले' यावर भागवलेले नव्हते. हरलेल्या माणसाला कारण वाचता आले पाहिजे, मग ते त्याला पटो वा न पटो. पुराव्याची गरज मुळात या हरलेल्या माणसासाठी असते. जिंकणाऱ्याला आपण बरोबर होतो हे आधीच माहीत असते.

देम्यान्युक नाझींच्या त्राव्निकी इथल्या तळावर रक्षकाचे शिक्षण घेऊन सोबिबोर छावणीत होता, असे दाखवणारे ओळखपत्र न्यायालयापुढे होते. पण त्या आरोपाविरुद्ध बचाव करण्याची पुरेशी संधी त्याला मिळालेली नव्हती, म्हणून न्यायाधीशांनी त्यावर शिक्षा दिली नाही. पुढे म्युनिकमध्ये तोच आरोप रीतसर ठेवला गेला. २०११ साली तिथल्या न्यायालयाने २८,०६० जणांच्या हत्येत साहाय्य केल्याबद्दल त्याला दोषी ठरवले. तिथे 'हाच तो' म्हणून बोट दाखवणारा कोणी नव्हता. ओळखपत्र आणि बदलीच्या याद्या यांवर खटला उभा राहिला. त्याचे अपील चालू असतानाच २०१२ मध्ये तो मेला. डोळ्याने जे साधले नाही ते कागदाने साधले. साक्षी शब्दातला डोळा किती भरवशाचा, हा प्रश्न आपल्या दोन्ही भाषांना पडायला हवा.

इथवर आपण किती पुरावा लागतो ते पाहिले. कोणी आणायचा, हे राहिले. कधीकधी सगळा निकाल त्यावरच ठरतो.

तलमूदचा नियम असा की, दुसऱ्याकडून काही काढून घेऊ पाहणाऱ्याने पुरावा आणायचा. ज्याच्या ताब्यात वस्तू आहे त्याने स्वस्थ बसावे. याच घराण्यातला शब्द 'हजाका', म्हणजे पूर्वीपासून चालत आलेली, धरून ठेवलेली स्थिती. जे वर्षानुवर्षे उघडपणे तसे मानले गेले ते तसेच धरायचे, जोवर कोणी उलट शाबीत करीत नाही. तलमूदमध्ये बापाला मारणाऱ्या मुलाच्या खटल्याबद्दल विचारले आहे: हा त्याचा बापच आहे, हे कशावरून? जन्माच्या मागे दोन साक्षीदार उभे नसतात. तरीही न्यायालय तो प्रश्न लांबवत नाही. सामान्यतः जे असते ते धरते आणि पुढे जाते. एवढ्या कडक न्यायशास्त्राने ही एक जागा मुद्दाम सैल ठेवली. नाहीतर आपल्यापैकी कोणालाही आपला बाप शाबीत करता आला नसता.

आता आपल्या जमातीचे पाहा. दावीद रहाबी यांची गोष्ट तुम्ही सगळ्यांनी मालिद्याच्या ताटाभोवती ऐकली आहे. ते कधी आले याबद्दल एकमत नाही, कोणी फार जुना काळ सांगतात, कोणी अठरावे शतक. कोकणात तेल गाळणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे लोक त्यांना भेटले. हे यहुदी असावेत असे त्यांना वाटले. ('असावेत'. व्याकरण आठवा.) त्यांनी बायकांपुढे मासे ठेवले, काही खवले-पर असलेले, काही नसलेले, आणि रांधायला सांगितले. बायकांनी खवले-पर असलेले तेवढे वेगळे काढले, बाकीचे आम्ही खात नाही म्हणाल्या. शनिवार होता, आठव्या दिवसाची सुंता होती, शमा होती, आणि आता मासे. कागद एकही नव्हता. साखळी पुरी झाली. ही आख्यायिका आहे, इतिहास म्हणून शपथेवर सांगता येणार नाही. पण पुरावा कसा जुळवतात याचा यापेक्षा चांगला पाठ मला दाखवा.

१९६१ साली इस्राएलच्या मुख्य रब्बी मंडळाने बेने इस्राएलांशी विवाहाला मनाई नाही असा निर्णय दिला. पण १९६२ च्या सूचनांमध्ये विवाह नोंदणाऱ्या रब्बींना सांगितले गेले की, बेने इस्राएल वधू किंवा वराच्या आईची आई, तिची आई अशी मागे जाता येईल तितकी चौकशी करावी. शंका काय होती तीही न्यायाने सांगितली पाहिजे. शतकानुशतके रब्बींपासून दूर राहिलेल्या जमातीत घटस्फोट 'गेत'च्या नियमांप्रमाणे झाले असतील का, आणि नसतील तर पुढच्या संततीचे काय, असा तो धर्मशास्त्राचा प्रश्न होता. आपल्यातल्या वृद्धांचे उत्तर असे की, कोकणात आमच्यात काडीमोड जवळजवळ होतच नसे आणि विधवेचे पुन्हा लग्नही क्वचित. पण 'झाले नाही' हे शाबीत कसे करणार? पणजीने घटस्फोट घेतला नाही याचा दाखला कोणती कचेरी देते?

दुखले ते इथे. चौकशी सर्वांची असती तर गोष्ट वेगळी होती. एका जमातीचे नाव लिहून तिच्यावर पुराव्याचे ओझे टाकले गेले, आणि हजाका जणू तिच्यापुरती थांबली. १९६४ च्या उन्हाळ्यात यरुशलेममध्ये आपल्या लोकांनी, बायकामुलांसह, धरणे धरले. १७ ऑगस्ट १९६४ रोजी क्नेसेटने ठराव केला की बेने इस्राएल सर्व बाबतींत यहुदीच आहेत. त्यानंतर लवकरच सूचनांमधून आपल्या जमातीचे नाव काढले गेले आणि ज्याच्याबद्दल शंका असेल त्याची चौकशी, असा सर्वांना लागू होणारा मजकूर आला. नवा कोणताही पुरावा या मधल्या काळात सापडलेला नव्हता. पणज्या होत्या तिथेच होत्या. बदलले ते एवढेच की ओझे कोणी वाहायचे.

पुढच्या वर्गासाठी: फिर्यादी, आरोपी, साक्ष, उलटतपासणी, शाबीत, निर्दोष, निकालपत्र हे सात शब्द वापरून शिमोन बेन शेताह यांच्या हकिगतीतला खटला मराठीत लिहा, तलवारवाल्याचा वकील कोणी व्हायचे ते आपसांत ठरवा, आणि त्याच्या तोंडी निदान दोन वाक्ये 'असेल'ची घाला. आजी-आजोबांनी, किंवा ज्यांनी १९६४ चे धरणे पाहिले असेल त्यांनी, आठवेल तेवढे सांगावे. मुलांनी ते लिहून घेताना प्रत्येक वाक्यापुढे खूण करावी: 'पाहिलेले' किंवा 'ऐकलेले'. आणि घरात जुना लग्नाचा केतुबा असेल तर त्यावरची साक्षीदारांची नावे उतरवून आणा.